उलट्या पावलांचा माणूस

विद्यापीठाच्या कचेरीत मी बाबू. एका दुपारी धुवट धोतरातले एक म्हातारे माझ्या टेबलासमोर हात बांधून उभे राहिले. शिपायाच्या जागेसाठी आले असतील असं समजून मी मान वर न करताच म्हटलं, "बावाजी, आधी पाणी आना."

त्यांनी आणलं. पेला तळहातावर धरून अदबीनं पुढे केला आणि माझ्याकडे तोंड ठेवून उलट्या पावलांनी दाराकडे निघाले. मी उठून त्यांची नक्कल केली. सगळे खो-खो हसले. म्हातारे बघत होते.

दारात ते कुलसचिवांनाच धडकले. कुलसचिव वाकून त्यांच्या पाया पडले. जन्मभर राजेसाहेबांची चाकरी करून मिळालेली सेलूकडची सारी जमीन मुलींच्या वसतिगृहासाठी देणारे ते हेच.

"उलटे काऊन चालून राह्यले, बाबाजी?" कुलसचिवांनी विचारलं.

"राजवाड्यात मालकाले पाठ दाखवत नव्हतो, साहेब. आता ह्या शिकणाऱ्या पोरीच माह्या मालक. हे बाबू त्यायचंच काम करते, मंग यायले पाठ कशी दाखवू?"

मला त्यांच्याकडे बघवेना. मी पाठ फिरवली आणि मागच्या दारानं निघून गेलो.