पाठीवरची गारंटी

आता कोणत्या तोंडानं सांगू तुम्हाला! सांगायला बसलो की आमची सुमन म्हणते, "नका जी सांगू, जेवढी शोभा झाली तेवढी पुरे झाली." पण तुम्ही घरचे. चहा ठेवलाच आहे, तर ऐकून घ्या. फक्त मधात हसू नका. तुमच्यासाठी गंमत असेल, माझ्यासाठी हे रडण्याचं प्रकरण आहे.

तर मी सौंसरला शाळेत मास्तर. भूगोल शिकवतो. शाळेत जाताना इस्त्रीचा शर्ट, चकचकीत जोडे, खिशाला पेन. एकदम टापटीप! अन् घरचा उंबरा ओलांडला की तोच माणूस ओळखू येत नाही. माझं एक साधं तत्त्व आहे बापा: घरात कोण पाहते?

या तत्त्वावर मी अख्खा संसार काढला. पायजम्याची नाडी गेली, सुतळी ओवली. बनियानीला भोकं पडली, म्हटलं हवा येते. खरं सांगतो, जुन्या कपड्याचं सुख नव्यात नाही. नवा कपडा घातला की मी माझ्याच घरात पाहुण्यासारखा बसतो.

अन् या सगळ्यात माझा जीव होता एका टी-शर्टात. माझा साळा लोधीखेड्याकडे शेती करते. त्याला एका कंपनीनं कापसाच्या बियाण्यासोबत तो फुकट दिला होता. कंपनीचं नाव घेत नाही, आधीच माझ्यामागं कमी लफडी नाहीत. साळ्याला टाईट झाला, मला बरोबर बसला. पुढून छातीवर पांढरंशुभ्र बोंड. अन् मागून पाठीवर, हिंदीत, मोठ्या हिरव्या अक्षरात: 'भरपूर कपास की गारंटी! मुझसे पूछिए।'

धुऊन धुऊन त्याचं कापड इतकं विरलं होतं की त्यातून पेपर वाचता आला असता. काखेत भोकं, गळा लोंबलेला. पण ती अक्षरं! कापड गेलं, अक्षरं नाही गेली. कंपनीनं बियाण्यात जेवढा जीव ओतला नसेल तेवढा त्या रंगात ओतला होता. पण मला काय त्याचं? आपली पाठ आपल्याला कुठं दिसते? सुमननं त्याचा पोछा करायला घेतला तेव्हा मी तो बादलीतून ओढून काढला होता. तेव्हाच जाऊ दिला असता तर!

आमची एकुलती एक प्रणाली नागपूरला नोकरी करते. तिनं स्वतःच मुलगा पसंत केला, तिच्याच ऑफिसातला, बोरगावच्या गावंड्यांचा. पोरगा सोन्यासारखा. राहिलं होतं ते एवढंच, की मुलाच्या वडिलांनी येऊन घर पाहायचं, माणसं पाहायची अन् हो म्हणायचं. माणूस शेतकरी, मोठा शब्दाचा पक्का. पोरगा सांगे, "बाबांच्या मनातून कोणी एकदा उतरलं तर उतरलं. मंग ब्रह्मदेव आला तरी चढत नाही."

आदल्या दिवशी प्रणाली घरी आली. माझ्याजवळ बसली. माझा हात हातात घेतला हो तिनं!

"बाबा, मला तुमच्याकडून काही नको. उद्या चार वाजता फक्त चांगले कपडे घालून बसा. अन् कमी बोला."

बस! पोरीनं बापाकडं एवढंच मागितलं. एवढंच!

रविवारी सुमननं शर्ट इस्त्री करून पलंगावर ठेवला. मी जेवण झाल्याबरोबर घालायला गेलो, तर ती ओरडलीच. "आत्तापासून कायले घालता जी? चुरगळून जाईन ना तो! आधी जाळे काढा."

"मग तोवर काय घालू?"

"रोज घालता तेच घाला. घरात कोण पाहते?"

घ्या! माझंच तत्त्व माझ्याच गळ्यात. मी टी-शर्ट घातला, सुतळीवाला पायजमा घातला, जाळे काढले, पंखे पुसले. तिसरा प्रहर झाला अन् स्वयंपाकघरातून आवाज आला, "अगं माय, दूध फाटलं!" पाहुणे चहाला येऊन राहिले अन् घरात दूध नाही. मी म्हटलं, "शर्ट घालून जाऊ?" सुमन म्हणाली, "तुम्ही शर्टाच्या गुंड्या लावसान तवर पाहुणे दारात येतीन. पळा!"

मी पळालो. डेअरी कोपऱ्यावरच आहे, शेजारी पानठेला. दुधाची पिशवी घेतली, वळलो, तर मागून कोणी ओरडलं, "ओ कंपनीवाले! थांबा जरा!"

आपण कशाला थांबतो? आपण भूगोलवाले. तर खांद्यावर हातच पडला. पाहतो तर पांढऱ्या मिशांचा एक माणूस, कडक सदरा, त्याच्यासोबत आणखी दोघं.

"तुमाले विचारायचं आहे."

"मला?"

"मंग कोणाले? पाठीवर लिहून फिरता, मुझसे पूछिए. अन् विचाराले आलं का पळता काउन?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. पण उशीर झाला होता. मिशीवाला सुरू झाला, "पऱ्हाटी माणसाएवढी वाढली, अन् बोंड पाहाले चष्मा लावा लागते. हेच का भरपूर कपास?"

"भाऊ, मी कंपनीचा नाही हो. मी मास्तर आहे."

"असं! जूनमध्ये बी विकाले आला होता तो पोट्टाबी म्हणे, काका, मी कंपनीचा नाही, मी तर तुमच्या घरचा आहो."

दुसरा माझ्या सुतळीकडं बोट दाखवून म्हणाला, "मास्तर असा राह्यते का?"

म्हटलं, थांबा, पुरावा देतो. ठेलेवाल्याला मी रोज शाळेत जाता-येता दिसतो. त्याला म्हटलं, "सांग ना रे यांना, मी कोण आहो ते!" त्यानं मला वरून खालपर्यंत पाहिलं. पुन्हा खालून वरपर्यंत पाहिलं. अन् म्हणाला, "आमच्या गल्लीतले सर लय टापटीप राह्यते जी. याहिले मी नाही ओळखत."

आता बोला! माझ्याच गल्लीत मी कोणी नाही!

भोवती चार लोक जमले. प्रत्येक जण पाठीमागं जाऊन वाचून येऊन राहिला. कोणी विचारे, बोंडअळीचं औषध देता का? कोणी म्हणे, याचा फोटो काढून ठेवा. इकडं पिशवीतलं दूध गरम होऊन राहिलं, तिकडं चार वाजून राहिले. शेवटी जे तोंडात आलं ते बोललो.

"बरं बाप्पा, हो! आहो मी कंपनीचा! उद्या तुमच्या वावरात येतो, एकेक झाड पाहतो. आता तर सोडा!"

मिशीवाल्यानं डोळ्यात डोळे घालून विचारलं, "शब्द?"

"शब्द! माझ्या पोरीची शपथ!"

कसं निघालं तोंडातून, देवाला माहीत. पण त्या माणसानं लगेच हात काढला. म्हणाला, "पोरीची शपथ खाल्ली ना, मंग जा."

धावत घर गाठलं. अंघोळ केली, इस्त्रीचा शर्ट घातला, पेनसुद्धा लावला. टी-शर्ट न्हाणीच्या दारामागं टांगला अन् खुर्चीवर असा ताठ बसलो की प्रणाली हसली, "बाबा, एक नंबर!" तेवढ्यात घंटी वाजली. मीच उठलो. दार उघडलं.

दारात पांढऱ्या मिशा.

मागं ते दोघं. म्हटलं, हे तर माग काढत घरी आले! आता खरे पाहुणे येतील अन् यांना माझ्या दारात पाहतील. मी हळूच म्हणालो, "उद्या येतो म्हटलं ना! आज घरी पाहुणे येऊन राहिले. जा तुम्ही!" अन् दार लावून घेतलं. कडीसुद्धा घातली!

सुमननं विचारलं, "कोण होतं जी?"

"कोणी नाही. शेतीवाले होते, वाट चुकले."

तेवढ्यात प्रणालीचा फोन वाजला. पोरगा नागपूरवरून निघाला होता, रस्त्यातच होता. पोरीचं तोंड उतरत गेलं. फोन ठेवून माझ्याकडं वळली.

"बाबा, त्याचे बाबा म्हणते, तुमच्या घरून दार लावून घेतलं. खरं आहे?"

अरे देवा! धरणीमाय, पोटात घे!

दार उघडलं. तिघं आत आले, बसले. नंतर कळलं की बिचारे लवकर पोचले होते. चारला बोलावलं तर आधी कसं जायचं, म्हणून ठेल्यावर थांबले होते. पोहे समोर आले, कोणी हात लावला नाही. घरात इतकी चुप्पी की पोह्यावरचे शेंगदाणे ऐकू आले असते.

मिशीवाले गावंडे म्हणाले, "पहिले एक सांगा. मास्तर खरे, का कंपनीवाले खरे? अन् जे पोरीची शपथ खाल्ली, ते कोणत्या पोरीची?"

"ही एकच आहे जी," माझ्या तोंडून निघून गेलं.

प्रणाली उठून उभी राहिली. "माझी शपथ? खोटी?" तिच्या डोळ्यात पाणी आलं हो. मी तिच्याकडं पाहू शकलो नाही. सगळं संपलं, म्हटलं.

अन् मग मी उठलो. न्हाणीत गेलो. दारामागून तो टी-शर्ट काढला अन् बैठकीत, पाहुण्यांच्या मधोमध, पोह्यांच्या वर धरला. सुमननं तोंडावर पदरच घेतला.

"गावंडेदादा, खोटं बोललो, चुकलो. पण कंपनीचा माणूस नाही हो मी! हे पाहा!" काखेतल्या भोकातून मी पाची बोटं बाहेर काढून दाखवली. "कंपनी आपल्या माणसाला असा फिरू देते का? हे मी घरात घालतो. म्हटलं, घरात कोण पाहते!"

गावंड्यांनी टी-शर्ट हातात घेतला. उजेडात धरला. भोकातून माझ्याकडं पाहिलं. मग आपल्या कडक सदऱ्याच्या गुंड्या सोडायला लागले. एक, दुसरी, तिसरी. मला वाटलं, आता हा माणूस मला मारते.

सदऱ्याच्या आत पांढरंशुभ्र बोंड! तोच टी-शर्ट. काखेत भोक, गळा लोंबलेला.

"मलेबी त्या कंपनीपासून एवढंच पीक भेटलं," गावंडे म्हणाले. "मीबी घरात हेच घालतो. आज बाहेर निघालो म्हणून घरच्यांनी वरून सदरा चढवला." अन् असे हसले की मिशा थरथरायला लागल्या. मग पोह्याची बशी ओढली अन् प्रणालीला म्हणाले, "बस पोरी. माणूस खोटा आहे, पण भोकं खरी आहेत."

सोयरीक जमली. पण शपथ काही त्यांनी सोडली नाही. "आता पोरगी आमची होऊन राहिली. तिची शपथ वाया कशी जाऊ द्यायची?" दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी टाकून, इस्त्रीच्या शर्टात, मी बोरगावच्या वावरात उभा होतो. गावातले लोक पाहायला आले होते. मी काळी माती कशी तयार होते ते सांगितलं. सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. बोंडं काही आली नाही.

लग्न झालं. लग्नाच्या धामधुमीत टी-शर्ट हरवला. मी सुमनवर आळ घेतला, तिनं देवाची आण घेतली. हळहळलो, पण म्हटलं, जाऊ द्या, पीडा टळली.

परवा आम्ही दोघं बोरगावला गेलो, न कळवता. मी नवा शर्ट घातला होता, सुमनही खूश. विहीणबाईंनी दारातच सुमनचा हात धरून आत नेलं, चहा दिला. समोर स्टुलावर चढून, आमच्याकडं पाठ करून, कोणी जाळे काढून राहिलं होतं. काखेत भोकं. पाठीवर हिरवी अक्षरं.

आमची प्रणाली!

विहीणबाई हळूच म्हणाल्या, "पोरगी गुणाची आहे हो मास्तर, नाव ठेवाले जागा नाही. पण मी म्हणते, एवढी शिकलेली, कपाटभर कपडे, अन् सुट्टीत नागपूरवरून आली का घरात हे फाटकं घालून फिरते. बोललं तर म्हणते, घरात कोण पाहते? आमच्या घरी एक होताच, आता दोन झाले. हे असं वळण लावलं तरी कोणी?"

सुमननं माझ्याकडं पाहिलं. गावंडे मिशीत हसले. प्रणालीची पाठ समोर, अन् त्या पाठीवर ठळक लिहिलेलं, 'मुझसे पूछिए'.

विचारायची कोणाची हिंमत होती? मी मान खाली घालून बिस्कीट चहात बुडवलं. तेही आत पडलं.