गाईंसाठी लावलेला रेडिओ

आमच्या मालकाने, गॅरीने, गावच्या एएम रेडिओ स्टेशनवरची पोल्का नाचाची गाणी बंद करून पुरोगामी चर्चा सुरू केली, तेव्हा इराकची लढाई चालू होती आणि विस्कॉन्सिनातलं आमचं अर्धं गाव आधीच चिडलेलं होतं. मालकाला पुरोगाम्यांचा पुळका होता असं नाही. उजव्यांची बडबड बाकी सगळीकडे ऐकायला मिळते, मग आपण तीच कशाला वाजवायची, एवढाच त्याचा विचार. बाहेरून येणाऱ्या कार्यक्रमांच्या मधे एक तास गावचा हवा म्हणून त्याने सोल्वेग ब्रेक्केला बसवलं.

सोल्वेग तोवर दुपारी मयतांची नावं वाचायची. कोण गेलं, प्रार्थना कुठल्या चर्चमध्ये, नंतरचं जेवण कुठे. आता ती लढाईबद्दल आणि महागड्या औषधांबद्दल बोलू लागली, पण तशीच, सावकाश, कुणाच्या तरी घरचं दुःख सांगावं तशी. मी काचेपलीकडे यंत्रं सांभाळायचो. मला ती फार आवडायची, उगाच कशाला लपवू?

तिचा थोरला भाऊ हाल्वर मात्र तिची ही मतं ऐकून बिथरला. बायको गेल्यापासून तो गाईंबरोबर एकटाच राहायचा. फोनचा त्याला तिटकारा, त्यामुळे दुपारी गोठ्यात बहिणीचा आवाज ऐकणं हीच काय ती दोघांची भेट. त्याने चर्चच्या पायऱ्यांवर चारचौघांत जाहीर केलं, हे स्टेशन पुन्हा लावणार नाही. सोल्वेगशी बोलणंही टाकलं.

"सोडू का रे काम?" तिने मला विचारलं. "त्याच्या कानावर दुसऱ्या कुणाचा आवाज पडतो?"

मी नको म्हटलं. ती राहिली, पण खुर्चीत बसताना तिचा चेहरा उतरलेला असायचा.

जानेवारीत एकदा सरकारने शेतकऱ्याला मदत करावी का, असा विषय होता. फोन आला, तो मी नाव न विचारताच जोडून दिला.

"साफ चुकतेयस तू," हाल्वर म्हणाला. "आपल्या बापाने सरकारपुढे कधी हात पसरला नाही."

सोल्वेगने विचारलं, "तू ऐकतोस?"

"मी नाही. गाई ऐकतात. दुसरं स्टेशन लावलं तर पान्हा चोरतात."

यात खोटं काही नव्हतं. आमच्याकडे गोठ्यातल्या रेडिओचा काटा कुणी हलवत नाही, गाईंना सवयीचाच आवाज लागतो.

"गोठ्यात वीज सरकारनेच आणली, हाल्वर," ती म्हणाली. "बाबांनी त्या दिवशी दिव्याखाली बसून पेपर वाचला होता."

तो घसा खाकरून म्हणाला, "सोमवारपासून खोकतेयस. डॉक्टरला दाखव."

"गाईंनी सांगितलं वाटतं?"

"त्यांनीच," तो म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

सोल्वेग रडत होती. रेडिओवर शांतता पडू देणं हे आमच्या धंद्यातलं पाप, पण मी त्या दिवशी गाणं लावायच्या बटणाला हात लावला नाही.