केल्विनच्या पेटीतला ठोकळा

न्यूकॅसल शहराच्या पोटात जुन्या कोळसाखाणी आहेत. त्यांतल्या काहींचे नकाशे सापडतात, काहींचे नाहीत. म्हणून तिथे मोठी इमारत बांधायची तर आधी जमिनीला भोक पाडतात आणि आतला दगड लांब दांड्यासारखा अखंड बाहेर काढतात. त्याला कोअर म्हणतात. कोअर काढण्यात केल्विन ट्रेलोरचा हात धरणारा तिथे कुणी नव्हता. वय चौसष्ट. या कामातली छत्तीस वर्षं.

कोअर खोलीप्रमाणे पेटीत मांडतात. जिथे दगड हाती आलाच नाही, तिथे तेवढ्या मापाचा लाकडी ठोकळा ठेवायचा, अशी रीत. केल्विनच्या पेटीत अकरा वर्षांत ठोकळा लागला नव्हता. त्याचा त्याला अभिमान होता.

वृद्धाश्रमाच्या जागेवर तिसऱ्या भोकातून तीन मीटरचा टप्पा वर आला. मोजला तर ऐंशी सेंटीमीटर कमी. केल्विनने पुन्हा मोजला. तेवढाच.

साइटचा मॅनेजर लिंडसे डोकावला. "काय रे, म्हातारा झालास की काय?"

"तुझ्याआधीच झालोय," केल्विन म्हणाला.

"दगड कच्चा असेल, दळला गेला असेल. तुकडे जरा सैल मांड ना, भरेल पेटी. सोमवारी पायाचं काम सुरू करायचंय मला."

तुकडे खरंच सैल मांडता आले असते. आणि दगड दळला जातोही कधीकधी. पण तिथे जुनी खाण असेल तर भोक पाडणारा दांडा मोकळ्या जागेत एकदम खाली जातो, आणि ते हाताला कळतं. म्हणून मशीन चालू असताना त्याच्या मुठीवरचा हात काढायचा नाही, हे तो नव्या लोकांना रोज बजावायचा. आज त्याने काढला होता. सॉसेज रोल गार होत होता, तो घ्यायला तो क्षणभर मागे वळला होता. नंतर भोकात सोडलेलं पाणी वर कमी येतंय, कुठेतरी मुरतंय असं वाटलं, तर पंपच कुरकुरतोय म्हणून त्याने सोडून दिलं.

दुपारी नायरी आली. ती भूगर्भतज्ज्ञ, केल्विनपेक्षा वीस वर्षांनी लहान. पेटीवर वाकून तिने विचारलं, "दांडा खाली गेला का रे? तुझ्या हाताला काय कळलं?"

"कळलं नाही," केल्विन म्हणाला. "हात नव्हता मुठीवर. मी खात होतो."

नायरीने वर पाहिलं. "तू?"

"मी. शेजारी दुसरं भोक घेऊ. उद्या सकाळी."

लिंडसे वैतागला. "एका सॉसेज रोलपायी माझा अख्खा दिवस?"

"दहा वर्षांनी मीच इथे राहायला येणार, गड्या. खोलीसकट खाली जायची हौस नाही मला."

दुसऱ्या दिवशी तीन मीटर अंतरावर त्याने नवं भोक सुरू केलं. चहासुद्धा घेतला नाही. नायरी डबा उघडून बसली होती, तिनेही तो त्याच्यापुढे केला नाही. एकोणतीस मीटरला मूठ हाताखाली ढिली पडली. दांडा खाली सरकला आणि वर येणारं पाणी थांबलं. केल्विनने मशीन बंद केलं.

"आहे," तो एवढंच म्हणाला.

वर आलेल्या दगडाच्या टोकाशी वीतभर काळं, भिजलेलं लाकूड होतं. खाणीत छताला लावलेल्या टेकूचं.

नायरीने ते हातात घेतलं. लिंडसेने पाहिलं आणि फोन काढला. "सोमवारचं रद्द करा," तो पलीकडच्याला म्हणाला. "आधी खाली भरणी करावी लागेल."

केल्विन परत तिसऱ्या भोकाच्या पेटीकडे गेला. ऐंशी सेंटीमीटरचा ठोकळा कापला, तुकड्यांमध्ये बसवला आणि पेन्सिलीने त्यावर खोली लिहिली. शेजारी कारणाची जागा होती. तिथे त्याने लिहिलं : 'पोकळी. शेजारच्या भोकात खात्री केली. पहिल्या वेळी चालकाचा हात मुठीवर नव्हता.'

"हे शेवटचं लिहायची गरज नव्हती," नायरी म्हणाली.

"असू दे," म्हणून त्याने पेटीचं झाकण लावलं आणि चहाला गेला.