गजूची पन्नाशी आणि माझं पोट

त्या दिवशी माझं पोट अगदी ठणठणीत होतं. हे मी लेखी देतोय, कारण तोंडानं सांगायला फार उशीर केला.

माझा मित्र गजू अमरावतीचा, मी अकोल्याचा. कॉलेजपासून तो माझं करत आला आणि मी करून घेत आलो. वडील दवाखान्यात होते तेव्हा त्यांच्या उशाशी तो जागला. मुलीच्या लग्नात पंगती त्यानं वाढल्या (नवरीचा बाप या नात्यानं मी घाम पुसत होतो). आभाराचा शब्द मात्र माझ्या घशातून कधी वर आलाच नाही. म्हणून त्याला पन्नास लागणार म्हटल्यावर मी छाती ठोकली. "गजू, सव्वीस जानेवारीले जोडून सुट्ट्या आहेत. चौघं चिखलदऱ्याले जाऊ. सगळं माह्याकडं!"

"तुह्याकडं?" गजूनं असं काही विचारलं, की मी तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

खोल्यांचं मी रोज "उद्या करू" म्हणत राहिलो. निघायच्या आदल्या दिवशी फोन फिरवले, तर अख्खा चिखलदरा भरलेला! आता हे सांगायचं कसं? मी मनातलं बोलणारा माणूस नाही. लग्नाचा होकारसुद्धा मी नुसती मान हलवून दिला होता.

अमरावतीहून गजू आणि रेखावहिनी गाडीत बसले. गाडी माझी, चालवणारा अर्थातच गजू. परतवाड्याच्या रस्त्याला लागलो आणि मला घाम फुटला.

"गजू, थांबव. पोट!"

पाण्याची बाटली घेऊन मी तुरीच्या वावरात शिरलो, उकिडवा बसलो आणि हॉटेलला फोन लावला.

"पार्किंगमधी झोपसान तं जागा आहे, साहेब!"

पुढच्या गावाशी पुन्हा पोट, पुन्हा तूर, पुन्हा नकार. गाडीत तोवर दवाखाना सुरू झालेला. वहिनींनी ओवा चघळायला लावला. माझ्या बायकोनं, सुनंदानं, चालत्या गाडीत माझ्या बेंबीत हिंग भरला. टपरीवाल्यानं काळ्या चहात लिंबू पिळलं (पैसे घेतले नाहीत! माझी अवस्थाच तशी दिसत होती).

परतवाड्यात गजूनं गाडी बाजूला घेतली. "याले घाटात नेणं म्हंजे खून आहे. चिखलदरा क्यान्सल!"

"अरे, पण तुही पन्नाशी..."

"मी उद्याही पन्नासाचाच राह्यतो ना बे! रेखाच्या भावाचं वावर इथंच आहे. तिथं चाल."

देव पावला! मी आनंदानं कण्हलो.

वहिनींचे भाऊ बंडूभाऊ. जावयाचा वाढदिवस म्हटल्यावर त्यांनी गोवऱ्यांचा जाळ पेटवून निखाऱ्यात कणकेचे जाड रोडगे पुरलेसुद्धा! वांग्याची झणझणीत भाजी रटरटत होती. पानं मांडली. सगळ्यांना खरपूस रोडगे. मला मऊ भात आणि ताक.

"वहिनी, एखादा रोडगा..."

"मरसान भाऊजी!"

शेजारी गजूनं रोडगा फोडला. वाफ निघाली. त्यावर तुपाची धार पडली. इथवर मी अपराधाची टोचणी पचवली होती. तो वास काही पचला नाही.

"माह्यं पोट दुखत नाही!" मी ओरडलो. "खोल्या बुक केल्याच नाही मी! तुरीत बसून फोन करून राहिलो होतो!"

"म्हंजे तो हिंग..." सुनंदा म्हणाली. "आवो, चांगली डबी रिकामी केली मी तुमच्या बेंबीत!"

गजूनं हातातला घास खाली ठेवला. "कावून नाई सांगतलं बे मले? मी काय खोलीसाठी येऊन राहिलो होतो? मले वाटलं, तुले काहीतरी मोठंच झालं. इथल्या डॉक्टरले थांबवून ठेवलं ना मी!" त्याचा आवाज कापरा झाला होता. मग त्यानं माझा भात उचलून बाजूला सारला, पानात दोन रोडगे कुस्करले आणि वर वाटीभर तूप ओतलं.

तीस वर्षांचे आभार एकदम घशाशी आले. डोळे भरले. सगळे माझ्याकडे बघत होते. आता नाही तर कधीच नाही! मी तोंड उघडलं आणि बाहेर पडलं, "भाजी अजून आहे काय?"

"हाव लेका, तुह्यासाठीच ठेवली," गजू म्हणाला. त्याला ते आभार पोचले असावेत. नसतील पोचले, तर हे त्यानं वाचावं.

त्याच्या साठीचं आतापासूनच ठरलंय. खोल्या सुनंदा पाहणार, जेवण बंडूभाऊंकडे, गाडी गजू चालवणार. माझ्यावर एकच जबाबदारी टाकली आहे: भूक लागली की खरं बोलायचं!