पाचटाच्या ठिणग्या

सणसरच्या फाट्यावर एसटीची वाट बघत उभे होतो तेव्हा आबांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, मला विचारलं, "तितं नेमकं काय शिकायचंय?"

"आगीचं. आग कशी पसरती ते कॉम्प्युटरवर काढायचं."

"त्येला इंग्लंडला जायला लागतंय व्हय?"

आई पदर तोंडाला लावून हसली आणि त्याच पदरानं तिनं डोळे पुसले. मला रडू आवरेना, आणि आबांचा रागही आला. हा माणूस आजच्या दिवशी तरी चेष्टा सोडेल तर शपथ!

ही नव्वदच्या दशकाच्या अखेरची गोष्ट. इंग्लंडात माझ्या वाट्याला ठिणग्या आल्या. धूर आणि ज्वाळा सीनियर लोकांकडं. मी आगीतून उडणाऱ्या घन कणांचं गणित मांडायचं. कण किती मोठा, किती जड, ज्वाळेजवळ किती तापला, वाऱ्यानं कुठवर गेला, पडेपर्यंत किती निवला. पडद्यावर तो नुसता ठिपका दिसायचा. लंचला सँडविच खात मी ठिपके बघत बसायची आणि एकदम घर आठवायचं. तुमच्यातले जे बाहेर गेलेत त्यांना ठाऊक आहे, आठवण कशावरून निघेल याचा नेम नसतो.

एकदा फोनवर आई म्हणाली, उसाची तोड झाली, पाटाचं पाणी यायच्या आत पाचट पेटवायचंय. तोडलेल्या उसाचा वाळका पाला रानातच जाळायची आमच्याकडं रीत. मला लहर आली. मी कॉम्प्युटरला आमचंच रान दिलं: पाचटाची पट्टी, बांध, बांधापलीकडं पाल्यानं शाकारलेला गोठा, पश्चिमेचा वारा. ठिपके उडाले आणि गोठ्यावर पडेपर्यंत गार झाले. मला बरं वाटलं.

माझ्या गाईडनं ते बघून चूक दाखवली. कण आतबाहेर सारखाच निवतो असं मी धरलं होतं. जाड तुकडा तसा निवत नाही. वरून काळा पडला तरी आत निखारा राहतो. मी कणाचे थर पाडून गणित पुन्हा लावलं. दुसऱ्या दिवशी बघते तर छपरावर लालच लाल ठिपके. त्या गोठ्यात आमच्या म्हशी आणि गाभण गाय.

आमच्या घरी फोन नव्हता. गावातल्या एसटीडी बूथवाल्यानं आबांना बोलवायला माणूस धाडला आणि मला थोड्या वेळानं लावायला सांगितलं. तोवर माझ्या डोळ्यांपुढं गोठा कितीदा पेटला असेल, देव जाणे.

"आबा, पेटवलं का?"

"उद्या पेटवतो. का गं?"

"पेटवू नका. ठिणग्या छपरावर पडत्यात. मी काढून बघितलंय."

"पडत्यातच की! त्यात काढून काय बगायचं? पडली की इझवायची. मी बांधावर, तुजी आई वल्लं पोतं घिऊन म्होरं, आन् गोठ्यामागं तू..."



"आबा, औंदा गोठ्यामागं कोण?"

"कोन न्हाय," ते म्हणाले.

"मग पेटवू नका. माझी शपथ हाय." मी ऑफिसात सगळ्यांदेखत रडत होते. आबा काही बोलायच्या आत फोन कट झाला, तो पुन्हा लागेचना.

पुढचे काही दिवस मी कसे काढले ते सांगता येत नाही. कामात लक्ष लागेना. रविवारी कसाबसा फोन लागला. आईचा आवाज ऐकून आधी मी विचारलं, "जनावरं?"

"बरी हायेत. न्हाय पेटवलं. पाचट सरीत दाबलं आन् पाणी सोडलं. शेजारचं तात्या आलं हुतं. म्हनलं, गोठ्यामागं मी हुबा ऱ्हातो, पेटवा बिनघोर. तर तुजं आबा म्हनलं, न्हाय तात्या, ती पोरीची जागा हाय."

आता इथं इंग्लंडातच माझं घर आहे, बाग आहे, प्रत्येक खोलीत स्मोक अलार्म आहे. मी महिनाभर नसले तरी कुणाचं काही अडत नाही. तरी घर कुठलं असं कुणी विचारलं की माझ्या तोंडून सणसरच निघतं. तिथं आबांनी माझी जागा दुसऱ्या कुणाला दिली नाही.