चाचणीसाठी दादाचा नंबर

आज मंगळवार. दिवसभर घरूनच काम केलं. एका वेबसाइटवर लोकांनी मोबाइल नंबर नीट लिहिलाय का, हे तपासणारा कोड लिहायचा होता. आकडे दहाच हवेत, मध्ये अक्षर नको, एवढंच.

तपासून बघताना मी नेहमी दादाचा नंबर टाकतो, कारण तो पाठ आहे. दादा पावसाआधी गेला, पण बोटांची सवय गेली नाही. ‘नंबर योग्य आहे’ असं स्क्रीनवर आलं. नंबर योग्य असला की त्यावर ओटीपी जातो. चाचणीच्या वेळी तो बंद ठेवायचा असतो, ते आज मी विसरलो.

थोड्या वेळाने दाभोळहून वहिनीचा फोन.

“भावोजी, ह्यांच्या फोनवर ओटीपी आलाय. कोण फसवत नाही ना?”

“नाही वहिनी, माझ्याकडूनच चुकून गेला. फोन चालू ठेवलायस अजून?”

“रोज चार्ज करते. आधी ह्यांच्या बोटीवरचे कोणी ना कोणी फोन करायचे. आता वाजतच नाही.” मग म्हणाली, “परत चुकलात तरी चालेल हो.”

तुम्ही गेलेल्या माणसाचा नंबर काढून टाकता का? मला आज जमलं नाही. लॅपटॉप मिटला आणि एकट्यापुरता भात लावला.