सोप्यातल्या गाठीभेटी

बाहत्तरचा दुष्काळ सरला आणि त्यानंतर कोर्टानं मला नवऱ्यापासून वेगळं राहायची मुभा दिली. काडीमोड मात्र अजून व्हायचा होता. नवरा फौजेत, तिकडंच दुसरी बाई ठेवलेला. तरी त्याच्या घरच्यांना माझी लेक हवी होती. वकिलांनी मला बजावलं, "तुमचं पाऊल वाकडं पडल्याचा एक साक्षीदार त्यांना मिळाला, तर पोरगी गेली म्हणून समजा."

आणि नेमकी तेव्हाच मी प्रेमात पडले. घ्या! पलूसला माहेरी मी शिवणकाम करायचे. माझं मशीन दुरुस्त करायला येणारा तो, बायको वारलेला, हसला की डोळे बारीक व्हायचे. मशीन नीट झालं तरी त्याचं येणं थांबेना. ते थांबू नये असं मलाही मनापासून वाटायचं.

वडलांनी ओळखलं. म्हणाले, "लपून भेटलीस तर लोक लफडं म्हनत्याल. म्होरच्या सोप्यात बसा, दार सताड उघडं ठिवा. बगू दे जगाला."

म्हणून दर बाजारच्या दिवशी तो सोप्यात यायचा. एकीकडं आई, एकीकडं वडील, माझ्या मांडीवर लेक, उंबऱ्याशी आळीतल्या बायका. तो वडलांना उसाचं विचारायचा आणि बघायचा माझ्याकडं. लाजावं की हसावं, कळायचं नाही. पण लय गोड दिवस होते ते.

एका बाजारी तो सोप्यात बसलेला असतानाच दीर येऊन थडकला. सोबत साक्षीसाठी आणलेले त्यांच्या भावकीतले एक म्हातारे. मी लेकीला जवळ ओढलं. आईनं मात्र रीतीप्रमाणं गूळपाणी पुढं केलं आणि विचारलं, "पाव्हणं, तुमचं आजोळ कुठलं म्हनायचं?"

"म्हसवड."

"आगं बया! माजंबी तितलंच की!"

मग घरं निघाली, नाती निघाली. दोघांच्या आया चुलतबहिणी! तांब्यातलं पाणी संपायच्या आत म्हातारा आईचा भाऊ आणि माझा मामा झाला. दीर नुसता खाकरत बसला.

तरी साताऱ्याच्या कोर्टात त्यानं मामांनाच उभं केलं. भावकीचा माणूस आपलंच बोलणार, ही त्याची खात्री.

मामा म्हणाले, "सायेब, भाची हाय माजी. पन बगितलं त्येच सांगतो. आईबापाम्होरं, आळीम्होरं बसली व्हती. पोरगी मांडीवर व्हती. यात वंगाळ काय न्हाई."

काडीमोड मिळाला आणि लेकही मला मिळाली.

बाहेर व्हरांड्यात दिरानं लेकीचं मनगट धरून ठेवलं होतं. सासरी असताना त्याच्यापुढं मी कधी मान वर केली नव्हती.

"सोडा तिला," मी म्हणाले.

त्यानं सोडलं. एवढी थोरली घोडी मी कडेवर घेतली आणि रडत-हसत पायऱ्या उतरले. खाली तो उभा होता, नेहमीसारखा चार हात लांब. मीच त्याच्याजवळ गेले आणि दिराच्या डोळ्यांदेखत लेक त्याच्या हातात दिली.